मळभाचा उजेड जपणारा फिकट फोटो कसा करावा

पावसाळ्यात हर्णैच्या किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मळभ आलं की लांबचा डोंगर निळसर राखाडी दिसतो. हवेतल्या बाष्पामुळे प्रकाश विखुरतो आणि दूरचं काळं काळं राहतच नाही. फिकट, कमी कॉन्ट्रास्टचे फोटो मला आवडतात ते यासाठीच, त्यांत ही खारी, ओली हवा उतरते. शिवाय जुन्या अल्बममधल्या रंगीत फोटोंचे रंग उडून काळं असंच विटलेलं असतं, त्यामुळे असा फोटो बघताक्षणी जुना, घरचा वाटतो.

आधी फोटो नीट निवडा. मळभ, सकाळचं धुकं, पडवीतला उजेड, हे उत्तम. भर दुपारचं ऊन फिकं केलं की फोटो नुसता मळकट होतो. जमल्यास रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. नेहमीच्या जेपेग फाइलमधल्या सावल्या उचलल्या की दाणे आणि पट्टे लवकर दिसू लागतात.

आता स्नॅपसीड किंवा लाइटरूम या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये कर्व्ह, म्हणजे उजेड-अंधार बदलणारी तिरकी रेषा, उघडा. कॉन्ट्रास्टचा स्लायडर नको, त्याने सगळंच एकसारखं मऊ पडतं. रेषेचं खालचं डावं टोक म्हणजे काळा, 0. वरचं उजवं टोक म्हणजे पांढरा, 255. डावं टोक सरळ वर, अंदाजे 20 ते 25 पर्यंत उचला. उजवं थोडं खाली, 240 च्या आसपास आणा. एवढ्यावर थांबलात तर फोटो निर्जीव दिसेल. म्हणून डाव्या टोकाच्या जरा पुढे रेषेवर आणखी एक बिंदू घ्या आणि हलकेच खाली ओढा. खरी मेहनत इथेच आहे. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीचा काळा तळ मोठा करून बघा. फळ्यांमधल्या सांधी दिसेनाशा झाल्या, तर बिंदू जास्त खाली गेलाय.

मग रंग. सगळं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, एकदम उतरवू नका. माडांचा आणि भातखाचरांचा हिरवा तेवढा कमी करा. ओल्या जांभ्याच्या लालीला मात्र हात लावू नका. ती गेली की कोकणही गेलं. माणसं असतील तर नारिंगी जपा, नाहीतर चेहरे राखेसारखे दिसतात.

फोटो छापून घ्यायचा असेल तर वेगळी प्रत करा. मॅट कागदावर काळा मुळातच फिका उतरतो, तेव्हा त्या प्रतीत डावं टोक 10 च्या वर नेऊ नका.