व्हिनियरची चित्रं करताय? या चुका टाळा

व्हिनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे कापून, पाटीवर चिकटवून ही चित्रं करतात. 'चित्र वाकलं हो!' शिकणाऱ्यांची ही तक्रार आली की मी आधी चित्र उलटं करून बघतो. पाठ कोरी असते. हमखास.

मागच्या पावसाळ्यात एका मुलाने सिद्धेश्वर मंदिर केलं. तळ्याचं पाणी अक्रोडाच्या आडव्या रेषांतून फार सुरेख उतरलं होतं. खाली सहा मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुग्याची दाबून केलेली पाटी, मागे काहीच नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी. पुढचं व्हिनियर आकसलं, त्याला मागून ओढून धरणारं कोणी नव्हतं, आणि एमडीएफ बशीसारखा पुढे वळला. कळसापाशी चीर गेली. पोराने रात्रभर वर पाटा ठेवला. पाटा काढला की पुन्हा तेच. अशा वेळी खरंच जीव हळहळतो.

मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचं व्हिनियर लावाच, स्वस्तातलं चालेल. दोन्ही बाजू एकदम दाबा. चित्रात लाकडाच्या रेषा चहूकडे धावतात, म्हणून मी पाठीच्या रेषांना मोठ्या पार्श्वभूमीची दिशा देतो. शिवाय नवीन व्हिनियर आठवडाभर कामाच्या खोलीत सपाट पडू देतो. सकाळी दुकानातून आणून संध्याकाळी चिकटवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

दुसरी खोड वाळूची. छटेसाठी तुकड्याची कड गरम वाळूत भाजतात. उतावळी मंडळी आच मोठी करतात आणि कड क्षणात कोळसा होते. ती चुरते, गोंदही धरत नाही. मी आधी त्याच लाकडाचा कपटा खोचतो. दहा-बारा सेकंदांत तो तपकिरी व्हावा. लगेच काळा पडला तर आच कमी. छटा हवी त्याहून किंचित गडद ठेवा, घासताना थोडी जातेच. भाजलेला तुकडा आकसतो, म्हणून ओलसर फडकं फिरवून थोडा वेळ दाबून ठेवा, मगच बसवा. तरी फट राहिली तर भुसा-गोंदाने बुजवू नका, पॉलिश चढलं की ती उठून दिसते. तुकडा नव्याने कापा.

तुकडे जोडून धरायला सेलोटेप नको, काढताना तंतू उपटते. गमची कागदी पट्टी घ्या. सनमायकाचा रबरी गोंदही नको, उन्हाळ्यात फुगे धरतो. साधा फेविकॉल पुरतो, फक्त पातळ थर द्या आणि रात्रभर दाबून ठेवा. मेडिकलमध्ये मिळणारं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड वापरा आणि धार गेली की टाका. व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, त्यावर घासायचं मशीन चालवू नका. आणि चित्र थेट उन्हाच्या भिंतीला लावू नका, अक्रोड फिका पडतो.