कॅसेटची फाइल करताना: कोणता फॉरमॅट, किती बिटरेट?

डेकचं हेड पुसा, लाइन-आउटमधून लॅपटॉपला वायर द्या, लेव्हलचा काटा लालमध्ये जाऊ देऊ नका. एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते.

रेकॉर्डिंग वेव्हमध्येच (न दाबलेल्या आवाजाची फाइल) करा. काटछाट उरकली की ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची, म्हणजे सीडीच्या दर्जाची फ्लॅक फाइल बनवा. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट खातो (यालाच बिटरेट म्हणतात), म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक हे वजन बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास आणतो (कॅसेटची खरखर जास्त असेल तर जरा कमी दबतं) आणि एक बिटही हरवत नाही. ही मूळ प्रत.

आता एमपीथ्री. इथे मी तोंडावर आपटले आहे.

गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीतल्या भजनाची सी-६० कॅसेट होती. हार्ड डिस्कवर जागा नाही म्हणून मी थेट १२८ किलोबिटची एमपीथ्री केली. मग सुरुवातीचा खोकला कापला, पुन्हा एमपीथ्री. खरखर कमी केली, पुन्हा एमपीथ्री. शेवटी एका शहाण्याने सांगितलं, "३२०ला कन्व्हर्ट कर, आवाज खुलेल." फाइल अडीचपट झाली, आवाज होता तिथेच. टाळांचा किणकिणाट विरत जायला हवा, तो पाण्याखालून आल्यासारखा बुळबुळत होता, आणि चिपळ्यांच्या प्रत्येक ठोक्याआधी बारीकसं 'फस्स'. मूळ कॅसेट पुन्हा लावायला गेले, तर डेकने टेप खाल्ली.

ते 'फस्स' येतं कुठून? एमपीथ्री आवाजाचे इवलेसे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा दाबतो, म्हणजे कानाला कमी जाणवेल ते फेकून जागा वाचवतो. दाबताना झालेली चूक तुकडाभर पसरते, म्हणून ठोका पडायच्या आधीच तिचा गोंगाट कानावर येतो. एन्कोडर (आवाज दाबणारा प्रोग्रॅम) तपासायला कॅस्टनेटचं रेकॉर्डिंग वापरतात ते यासाठीच. कॅस्टनेट म्हणजे चिपळ्यांची परदेशी बहीण. दर वेळी सेव्ह करताना चुकीवर चूक चढते. तेव्हा एमपीथ्रीवरून एमपीथ्री करू नका. १२८चं ३२० तर नाहीच नाही, फेकून दिलेलं परत येत नसतं.

कोणी '३२० आहे' म्हणून फाइल दिली, तर ऑडॅसिटी या आवाजाच्या काटछाटीच्या प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी किती किलोहर्ट्झपर्यंत आवाज आहे याचं चित्र) बघा. १२८मधून फुगवलेली फाइल बहुधा १६-१७ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी थांबते. खऱ्या ३२०ची कड २०च्या आसपास असते. कॅसेटच्या बाबतीत मात्र घाई नको. तिथे वरच्या पट्ट्यात मुळातच खरखरीशिवाय फारसं काही नसतं. पण खरखर हळूहळू विरते, आडव्या रेघेवर तुटत नाही. रेघ दिसली की समजा, फाइल आधी कुठेतरी दाबून आली आहे.

बिटरेट किती? फ्लॅकवरून लेम या एमपीथ्री एन्कोडरने व्ही२ (गरजेप्रमाणे बदलत्या बिटरेटची सेटिंग) करा, सरासरी १९०च्या आसपास जाते. फारच हळवे कान असतील तर व्ही०, साधारण २४५. ३२०चा हट्ट मला पटत नाही. घरातल्या कोणालातरी फाइली बदलून वाजवायला लावा, कोणती ते त्यांनी सांगायचं नाही, आणि ओळखा पाहू! विरार लोकलमध्ये ब्लूटूथवर ऐकणार असाल तर वादच मिटला, कारण ब्लूटूथ आवाज पुन्हा एकदा दाबतो.

फोनसाठी ओपस (एमपीथ्रीपेक्षा नवा फॉरमॅट) १२८ झकास. गाडीतल्या जुन्या प्लेअरला एमपीथ्रीच कळते. कीर्तन-प्रवचन नुसतं बोलणं असेल तर मोनो ओपस, ४८ पुरे.

फ्लॅकची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. माझी डोंबिवलीला भावाकडे आहे, बिस्किटांच्या डब्यात.