हार्टच्या गोळ्या चालू आहेत आणि बीपी लो येतंय? गोळी बंद करायच्या आधी हे वाचा

सांगलीत ऊन तापायला लागलं की मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न हटकून येतो. वडिलांचं बीपी ९५/६० आलंय, हार्टच्या गोळ्या चालू आहेत, आजची गोळी द्यायची का नको? आणि विचारणाऱ्यानं बरेचदा गोळी कालपासूनच बंद केलेली असते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं कुणाची गोळी कमी करा, अर्धी करा असलं काही मी सांगणार नाही. पण घरी काय बघायचं, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि डॉक्टरांना फोन लावताना हातात कुठली माहिती पाहिजे, एवढं मात्र सांगता येतं.

आधी लो म्हणजे किती ते बघू. साधारण ९०/६० च्या खाली गेलं की लो म्हणतात. पण हार्टच्या पेशंटला नुसत्या आकड्यावर तोलून चालत नाही. ज्याचं पंपिंग कमी आहे, टू डी इकोला (हार्टच्या सोनोग्राफीला) ३०-३५ टक्के आलंय, त्याला डॉक्टर मुद्दामच अशा गोळ्या देतात की रक्तवाहिन्या सैल पडाव्यात आणि कमजोर हार्टला कमी जोर लावून रक्त पुढं ढकलता यावं. म्हणजे बीपी थोडं खाली येणार हे गोळी लिहितानाच धरलेलं असतं. असा माणूस वरचं बीपी ९५-१०० असताना आरामात फिरतोय, गरगरत नाही, लघवी नीट होतेय, तर डॉक्टर बऱ्याचदा गोळ्यांना हातच लावत नाहीत, कारण याच गोळ्यांनी आयुष्य वाढतं आणि परत परत ॲडमिट व्हायची वेळ कमी येते. उलट ज्याचं वर्षानुवर्षं १६० असायचं त्याला ११० लासुद्धा झोक जाऊ शकतो. तेव्हा मशीन बघा पण माणूसही बघा.

आता मोजायचं कसं, कारण निम्मा घोळ इथंच असतो. बाजारातनं आलं, जिना चढला, चहा मारला आणि लगेच पट्टा बांधला, असं नाही चालत. पाच मिनिटं गप खुर्चीत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हार्टच्या उंचीला टेबलावर टेकलेला, पट्टा शर्टावरनं नाही, उघड्या दंडावर. चहा, तंबाखू, बिडी अर्धा तास आधीपासनं नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजायचं. आणि मग जे घरी जवळजवळ कुणीच करत नाही ते करायचं, उभं राहून मोजायचं. उठल्यावर एक मिनिटानं एकदा आणि तीन मिनिटांनी परत, शेजारी कुणीतरी धरायला उभं ठेवून. बसल्यापेक्षा उभं राहिल्यावर वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं पडलं तर ती खरी कामाची माहिती, डॉक्टरांना हीच पाहिजे असते. बसून १२० असणारा माणूस उभा राहिला की ९५ ला येतो आणि बाथरूमच्या दारात पडतो, आणि घरचे म्हणतात बीपी तर नॉर्मल होतं की. मशीनवर नाडीचा आकडा येतो तोही लिहा. ज्यांच्या ठोक्यांची लय बिघडलेली आहे त्यांचं डिजिटल मशीन कधी कधी उलटसुलट आकडे दाखवतं, तिथं दोन-तीनदा मोजून बघायचं आणि पुढच्या वेळी डॉक्टरांच्या मशीनशी आपलं मशीन ताडून घ्यायचं.

चक्कर आली तर त्या घडीला काय करायचं? आहे तिथं बसा, जमिनीवर बसलात तरी चालेल, उभं राहून भिंत धरत पलंगापर्यंत जायचा हट्ट नको, हाडं मोडतात ती तिथंच. बसवल्यावर जमत असेल तर आडवं करून पाय उशीवर उंच ठेवा. फक्त दम लागत असेल, छातीत पाणी असल्यासारखं वाटत असेल तर सपाट झोपवू नका, टेकवून बसवा. पायाचे पंजे वरखाली करा, मुठी आवळा, मांड्या घट्ट करा, त्यानं पायात उतरलेलं रक्त वर यायला मदत होते. थोडं पाणी प्यायलं तरी बरं वाटतं, पण डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, समजा दिवसाला दीड लिटर, तर हे पाणी त्यातच धरायचं. शुगरवाला पेशंट असेल तर बीपीबरोबर शुगरही बघा, घाम आणि थरथर शुगर उतरल्यानंही होते.

आता मिठाचं. आपल्याकडं बीपी लो म्हटलं की कुणीतरी धावत मीठ-साखर-लिंबूपाणी घेऊन येतंच, नाहीतर इलेक्ट्रॉलची पुडी फोडतंय. धडधाकट माणसाला उन्हात घेरी आली तर ठीक आहे. पण पंपिंग कमी असलेल्याला मीठ म्हणजे अंगात पाणी धरून ठेवायचं साधन. आज बीपी पाच-दहानं वाढेल, आणि दोन-तीन दिवसांनी पायावर सूज, रात्री झोपलं की दम, आणि मग मिरजेला ॲडमिट. इलेक्ट्रॉलमध्येही मीठच असतंय, ते काही नुसतं शक्तीचं पाणी नाही. लोणचं-पापड-भडंग 'बीपी लो आहे म्हणून' खायची सूट कुणी स्वतःची स्वतः घेऊ नये, भडंग आपलं कितीही लाडकं असलं तरी. शहाळ्याचंही तसंच, त्यात पोटॅशियम भरपूर. रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम आधीच वरच्या बाजूला असतं, त्यावर रोज दोन शहाळी म्हणजे ठोक्यांची लय बिघडायची भीती. 'कमी सोडियमवालं' मीठ मिळतं त्यातही पोटॅशियमच घातलेलं असतं, हे लई जणांना माहीत नसतं.

कुठल्या गोळीनं बीपी उतरतं हे घरातल्या एकाला तरी पाठ पाहिजे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या ठोके हळू करणाऱ्या. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, आणि नवी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन या वाहिन्या सैल करणाऱ्या, अम्लोडिपिनही त्यातलीच. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड म्हणजे ज्याला आपण लघवीची गोळी म्हणतो ती. डापाग्लिफ्लोझिन मूळची शुगरची, आता हार्टसाठीही देतात, तीही लघवीवाटे पाणी काढते. आणि सॉर्बिट्रेट, म्हणजे जिभेखालची, ती तर मिनिटांत बीपी खाली आणते, म्हणून ती कायम बसूनच घ्यायची आणि वरचं ९० च्या खाली असताना आपल्या मनानं घ्यायची नाही. छातीत दुखतंय आणि बीपीही लो, असं असेल तर ते घरी निस्तरायचं प्रकरणच नाही, सरळ दवाखाना.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलच्या ॲटोरव्हास्टॅटिननं मात्र बीपी उतरत नाही. हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण बीपी लो आलं म्हणून अख्खा डबाच बंद करणारे लोक मी बघितलेत. स्टेंट टाकलेला असताना रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केली तर स्टेंटमध्येच गाठ होऊन अटॅक येऊ शकतो, आणि त्या गोळीचा बीपीशी काही संबंधही नव्हता! ठोके हळू करणारी गोळीही एकदम तोडायची नसते, ठोके उसळतात, छातीत दुखायला लागतं, ती कमी करायची तर डॉक्टर पायरी पायरीनं करतात. मग आजचा डोस घ्यायचा का नाही? वरचं ९० च्या खाली आहे किंवा चक्कर येतेय, तर डोसच्या आधी फोन करून विचारा. फोन लागत नसेल तर दोन दिवस अंदाजानं चालवू नका, जवळच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांना कागद दाखवा.

बऱ्याच वेळा तर गोळी बदलावीच लागत नाही, वेळ बदलून काम होतं. सकाळी आठला चहाबरोबर चार गोळ्या एकदम तोंडात टाकायच्या आणि दहा-अकराला मंडईत गरगरायचं, हा नेहमीचा प्रकार. डॉक्टरांना विचारा की यातली एखादी रात्री देता येईल का, दोन गोळ्यांत अंतर ठेवता येईल का. लघवीची गोळी सोडून, ती रात्री घेतली तर रात्रभर उठबस आणि अंधारात पडायची सोय.

आणखी एक भानगड आपल्या भागात फार. मिरजेत १८९४ साली वॉन्लेसचं मिशन हॉस्पिटल झालं तेव्हापासून आजूबाजूचा सगळा मुलूख इलाजाला तिकडं जातो, म्हणजे हार्टचे डॉक्टर मिरजेत, बीपी-शुगरचे डॉक्टर गावात तासगाव-पलूसला, गुडघ्याचे तिसरेच. तिघांचे तीन कागद, आणि एकच औषध दोन नावांनी दोन कागदांवर. एका पाकिटात नुसती टेल्मिसार्टन, दुसऱ्यात टेल्मिसार्टन-अम्लोडिपिन, दोन्ही रोज चालू, मग बीपी पडणार नाही तर काय. सॅक्युबिट्रिलवाली नवीन गोळी चालू झाली आणि घरातली जुनी रामिप्रिलची पट्टी 'संपवायची' म्हणून तीही घेतली, हे तर धोक्याचंच, जुनी पूर्ण बंद करून ३६ तास गेल्यावरच नवीन सुरू करायची असते, नाहीतर तोंड-जीभ सुजू शकते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन देतात त्यानंही उभं राहिल्यावर बीपी पडतं. आणि लाज न बाळगता सांगायचं ते म्हणजे सिल्डेनाफिल, टाडालाफिल. सॉर्बिट्रेट किंवा त्या जातीची नायट्रेटची गोळी चालू असणाऱ्यानं त्या घ्यायच्याच नाहीत, बीपी इतकं कोसळतं की जीवावर बेततं. आणि कधी घेतलेली असताना छातीत दुखलं तर डॉक्टरांना खरं सांगायचं, तिथं लपवून चालत नाही. एकदा सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढं नाहीतर फार्मासिस्टपुढं ओता, पाच मिनिटांचं काम आहे.

रोजच्या सवयीचं थोडक्यात सांगतो. झोपेतनं उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसा, पंजे हलवा, मग उठा. रात्री लघवीला पुरुषांनीही बसूनच करायची, आणि संडास परसात असेल तर रात्रीपुरतं भांडं खोलीत ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. कढत पाण्यानं वाहिन्या आणखी सैल होतात, म्हणून अंघोळ कोमट पाण्यानं, स्टुलावर बसून, आणि आतनं कडी न लावता. पोटभर जेवण झालं की वयस्कर माणसाचं बीपी तास-दोन तास खाली राहतं, म्हणून पुरणपोळीचा किंवा रस्सा-भाताचा बेत असेल त्या दिवशी थोडं थोडं दोनदा खा आणि ताटावरनं ताडकन उठू नका. दारू नकोच. गणपती मंदिरात रांगेत किंवा एसटीत उभं राहायची वेळ आली तर टाचा उचलत राहा, पायाला अढी घाला.

उन्हाळा आणि उपास यांचं मात्र जरा लक्ष देऊन वाचा. एप्रिल-मेमध्ये घाम इतका जातो की तीच लघवीची गोळी जी जानेवारीत बरोबर होती ती आता जास्त होते. म्हणून वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, खायच्या आधी, एकाच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय. उलट वजन उतरत चाललंय, तोंड कोरडं, लघवी गडद आणि थोडी, तर पाणी जास्त निघून चाललंय. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवायचं, ते लघवीच्या गोळीचा डोस वरखाली करतात. द्राक्षबागेत किंवा उसात जाणाऱ्यांनी काम सकाळी लवकर उरकावं. आषाढी-कार्तिकीचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही, आणि गोळ्या मात्र सगळ्या, हे करू नका, विठोबा समजून घेतो. आणि जुलाब, उलट्या, ताप सुरू झाला तर त्याच दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवसावर नको. अशा वेळी लघवीची गोळी, रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन डॉक्टर काही दिवस थांबवायला सांगू शकतात, नाहीतर किडनीवर येतं. त्यात अंग दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक घेतली की किडनीचं आणखी अवघड. बरं वाटल्यावर थांबवलेली गोळी परत कधी सुरू करायची तेही तेव्हाच विचारून ठेवा, कारण लोक थांबवतात आणि मग विसरूनच जातात.

वाट न बघता १०८ ला फोन कधी करायचा? माणूस बेशुद्ध पडला, छातीत दुखतंय, दम लागतोय, अंग गार पडून घाम फुटलाय, बडबडतोय किंवा ओळखत नाही, नाडी ५० च्या खाली आणि चक्कर. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना काळी डांबरासारखी शी झाली तर पोटात रक्त जात असणार, ते बीपी गोळीनं नाही तर रक्त गेल्यानं पडतंय. पडून डोक्याला लागलं असेल तर वरनं जखम दिसली नाही तरी त्या माणसाला दाखवायलाच पाहिजे. दिवसभरात लघवीच फारशी झाली नाही तर तेही त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांकडं जाताना एका कागदावर आठवड्याचे आकडे न्या, तारीख, वेळ, बसून, उभं राहून, नाडी, वजन, आणि चक्कर आली तर कुठली गोळी घेतल्यावर किती वेळानं. आणि तीन प्रश्न विचारून उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या, वरचं बीपी किती खाली गेलं तर फोन करायचा, मीठ आणि पाणी दिवसाला किती, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर नक्की कुठल्या गोळ्या थांबवायच्या. पोटॅशियम-क्रिएटिनिनची (क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी) रक्ततपासणी पुढं कधी तेही विचारा. कागदाचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर टाका, रात्री दोनला तोच शोधावा लागतो.