कॉन्फिडन्स येण्याची वाट न बघता सुरुवात कशी करायची

लायसन्स हातात येऊन तीन वर्षं झाली तरी मी एकटीने गाडी कधी बाहेर काढली नव्हती. कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "अजून कॉन्फिडन्स नाही आला गं." जणू तो कुरिअरने येणार होता आणि मी दाराकडे कान लावून बसले होते. गणितच उलटं मांडलं होतं मी, पोहायला आलं की मग पाण्यात उतरेन म्हणण्यातला प्रकार. भरवसा केलेल्या कामाच्या मागून येतो, तोही रखडत रखडत. तर मी काय काय केलं ते सांगते, गाडीच्या जागी तुमचं जे अडलंय ते घाला, मीटिंगमध्ये बोलणं, नवीन नोकरी, स्टेजवर गाणं, काहीही.

आधी शंका कागदावर उतरवा, जशीच्या तशी. मी वहीत लिहिलं, "मला ड्रायव्हिंग जमत नाही." मग खाली स्वतःलाच विचारलं, नक्की काय जमत नाही? तर गिअर येतात, सरळ रस्त्यावर नीट चालवते, फक्त चढावर थांबलं की ब्रेकवरचा पाय उचलताना गाडी मागे जाईल म्हणून पोटात गोळा येतो. एवढंच होतं! "जमत नाही" यावर काही करता येत नाही हो, पण "चढावर हाफ क्लच धरता येत नाही" यावर करता येतं. आणि कधी कधी शंका बरोबर पण असते, आपल्याला ते खरंच येत नसतं, मग उगाच मनाची समजूत काढत बसू नका, सरळ शिकून घ्या. मी दोन दिवस परत क्लास लावला, फक्त चढासाठी.

मग कामाचा इतका छोटा तुकडा पाडा की कोणाला सांगायची लाज वाटेल. माझा पहिला तुकडा: रविवारी सकाळी सहाला गाडी गेटबाहेर काढायची आणि परत जागेवर लावायची. बस. पुढच्या रविवारी कोपऱ्यापर्यंत, मग चौकाला वळसा, मग सिग्नल. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की "हे मला जमेल" ही भावना चार गोष्टींतून येते: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्या कोणाला करताना पाहिलेलं, दुसऱ्यांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यात सगळ्यात जोर पहिल्याचा. म्हणून तर दहा व्हिडिओ बघून जे होत नाही ते गेटपर्यंतच्या एका फेरीने होतं.

तुकडा ठरवताना वेळ आणि खूण पण ठरवा, "बघू या आठवड्यात" नको. "चहा संपला की चावी उचलायची" असं बांधून टाका, म्हणजे ऐन वेळी मनाशी वाद घालायला फटच राहत नाही.

वही ठेवा, पण दोन रकाने पाडून. डावीकडे निघायच्या आधी काय होईल असं वाटतंय ते, उजवीकडे आल्यावर खरं काय झालं ते. माझ्या डावीकडे "कोणाला तरी ठोकणार" हे पाच वेळा आहे, उजवीकडे एकदाही नाही. आठवणीवर विसंबू नका, ती फजिती तेवढी जपून ठेवते आणि नीट पार पडलेल्या फेऱ्या विसरते.

फजिती होणार, तिची तयारी ठेवा. चौथ्या की पाचव्या फेरीला सिग्नल हिरवा झाला आणि माझी गाडी बंद पडली, परत स्टार्ट केली, परत बंद, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, हाताला घाम. तेव्हा मी मनात स्वतःला एकेरी नाव घेऊन सांगितलं, "थांब. क्लच पूर्ण दाब. आता सोड, हळू." हे वेडेपणाचं वाटेल, पण स्वतःशी "मी" म्हणून बोलण्यापेक्षा नाव घेऊन बोललं की ताणात डोकं जरा ठिकाणावर राहतं, यावर प्रयोगही झालेत. छातीतली धडधड दाबायच्या मागे लागू नका, ती भीतीची तशीच उत्साहाची पण असते, "मला एक्साइटिंग वाटतंय" असं म्हणून बघा, ते "शांत हो, शांत हो" पेक्षा बरं चालतं.

आणि लोक काय म्हणतील? २००० साली छापून आलेला एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. त्या हॉर्नवाल्यांपैकी कोणाला आज माझा चेहरा आठवत असेल?

आरशासमोर उभं राहून "मी भारी आहे" म्हणायचा सल्ला मात्र मी देणार नाही. २००९ च्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास कमी आहे त्यांना अशा वाक्यांनी उलट जास्त वाईट वाटतं, कारण आतून लगेच कोणीतरी म्हणतं, खोटं! त्यापेक्षा वहीतलं खरं वाक्य वाचा, "मागच्या रविवारी चढावर तीनदा थांबले, तिन्ही वेळा निघाले."

बघायचंच असेल तर आपल्यापेक्षा दोनच पावलं पुढे असलेल्या माणसाकडे बघा, वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याकडे नको. आणि कोणी "छान केलंस" म्हटलं तर विचारा, काय छान केलं? माझ्या बहिणीने सांगितलं, "वळताना आधी आरसा बघतेस." हे पुढच्या वेळी हाताशी असतं, नुसतं "छान" हवेत विरतं.

शंकेमुळे झोप उडाली असेल, रोजची कामं अडत असतील तर मात्र वही पुरणार नाही, काउन्सेलरशी बोला.

माझं आता ऑफिसला गाडीने जाणं येणं चालू आहे, वहीत सध्या रिव्हर्स पार्किंगचं पान आहे, डावीकडे "खांबाला घासणार" आणि उजवीकडे, कालच्या तारखेला, "घासली, थोडीशी."