लग्नपत्रिका छापताना: डिजिटल, ऑफसेट की स्क्रीन?

गिऱ्हाईक आलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते: प्रती किती आणि कागद कुठला. शंभर-दीडशे पत्रिका असतील तर डिजिटल घ्या, म्हणजे फाइलवरून थेट छपाई, प्लेटचा (छपाईच्या साच्याचा) खर्चच नाही. हजाराच्या घरात गेलात तर ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून छपाई. दर शाईला एक अशा चार प्लेटांचा खर्च सगळ्या प्रतींवर वाटला जातो आणि दर उतरतो.

खरी गोची केशरी रंगाची. मॉनिटरवर झेंडूसारखा पेटलेला केशरी नेहमीच्या चार शायांतून (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) छापला की मळकट होतो. तो त्यांच्या आवाक्यातच नसतो. माझ्या मावसबहिणीच्या पत्रिकेवर तो चक्क विटकरी उतरला. तेव्हापासून असा रंग मी पॅन्टोन या कंपनीच्या रंगनमुन्यांच्या छापील पट्टीवर बोट ठेवूनच ठरवते आणि ऑफसेटला पाचवी, वेगळी शाई घालायला लावते.

गडद मरून कागदावर पांढरं किंवा सोनेरी अक्षर हवंय? मग स्क्रीन प्रिंटिंगच करा, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापणं. ऑफसेटची शाई पारदर्शक, खालचा कागद तिला गिळतो. स्क्रीनची शाई जाड बसते. अक्षरावरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. मला हे काम सगळ्यात आवडतं. फक्त मजकूर फार बारीक नको, 'क्ष' आणि 'श्र'च्या पोकळ्या शाईने भरून जातात.

डिजिटल पत्रिका घडीची असेल तर आधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं) करून घ्या, नाहीतर घडीवर टोनर, म्हणजे डिजिटलची भुकटीची शाई, तडकून पांढरी रेघ दिसते. आणि ऑर्डरआधी त्याच कागदावरची एक प्रत मागून घ्या, ती खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा.