मुघल चित्रातले मजूर कसे बघायचे

अकबरनाम्यातलं, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासातलं, चित्र समोर आलं की आपली नजर आधी बादशहाकडे जाते, पण बांधकामाच्या चित्रात ही सवय सोडा, सरळ हाताने त्याला झाका आणि चित्र खालून वर बघत जा.

सुरुवातीला फतेहपूर सिक्री आणि आग्र्याचा किल्ला यांच्या बांधकामाची चित्रं पुरेत. दोन्हीकडची चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत, त्यांच्या वेबसाइटवर फुकट दिसतात. मोबाइलवर नको, मोठी स्क्रीन घ्या, झूम नाही केलं तर निम्मी माणसं दिसणारच नाहीत.

आता माणसं मोजत बसू नका, एक वस्तू पकडा आणि ती कुठे कुठे जाते ते बघा. सिक्रीत लाल दगड पकडा, पाथरवट त्यात ओळीने पाचरी ठोकतायत म्हणजे तो त्याच रेषेत फुटावा, कोणी छिन्नी घेऊन घडवत बसलाय, मग तो खांद्यावरून वर चढतो आणि गवंड्याच्या हातात जातो. आग्र्याला माल यमुनेतून होड्यांनी येतो, तिथून सुरू करा. चुना, गारा यांच्या आसपास बायकाही दिसतील, त्यांच्यापाशी जरा जास्त थांबा, दरबारी चित्रात कष्टकरी बायका एरवी कुठे दिसतात!

मग खालच्या समासातली नावं बघा. ही चित्रं बहुतेक वेळा एकट्याची नसतात, एक आखणी करतो, दुसरा रंग भरतो, कधी चेहरे तिसऱ्याकडे. आग्र्याची आखणी मिस्कीनची, सिक्रीची तुलसीची. म्हणजे बांधकामावर जशी कामाची वाटणी तशीच चित्रशाळेतही, आणि गंमत बघा, चितारी नावानिशी नोंदलेत, चित्रातला गवंडी मात्र निनावीच.

इथपर्यंत जमलं तर बाबरनाम्यातलं, म्हणजे बाबराच्या आत्मचरित्राच्या सचित्र प्रतीतलं, त्याने आखून घेतलेल्या बाग-ए-वफा या बागेचं चित्र घ्या, बिशनदासचं. तिथे चौकटी आखलेला नकाशा धरून उभा असलेला माणूस शोधा, दोरी धरून मापं घेणारे आणि फावडंवाला पण तिथेच आहेत.

एक मात्र लक्षात ठेवा, याला फोटो समजू नका. सिक्रीचं काम 1571 च्या सुमारास सुरू झालं आणि ही चित्रं साधारण 1590 च्या आसपासची, त्यामुळे हत्यारं, कामाच्या पद्धती यावर बराच भरवसा ठेवा पण कोण कुठे उभं होतं यावर अजिबात नको, ती मांडणी चिताऱ्याची.