नागपूरच्या उन्हात छोटी गाडी चालवता? मग या चुका टाळा

एप्रिल लागला की दरवर्षी तेच चित्र. रोडच्या कडेला बोनेट उघडून उभी असलेली ऑल्टो नाही त जुनी मारुती ८००, आणि बाजूला बिसलेरीची बाटली घेऊन घामाघूम झालेलं पोट्टं. विचारलं की एकच उत्तर, "अचानक गरम झाली ना भाऊ." गाडी अचानक गरम होत नसते बापा. ती महिनोन् महिने सांगून राहते, आपण लक्ष देत नाही.

आधी छोट्या गाडीचा हिशोब समजून घ्या. ८०० च्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, साडेतीन लिटरच्या आसपास आणि ऑइल तीन लिटरच्या आत, बस. त्यातून अर्धा लिटर कूलंट कमी झालं म्हणजे सातवा हिस्सा गेला, आणि वरून आपला मे महिना, पारा ४५ च्या वर, एसी फुल, गाडी व्हरायटी चौकात सिग्नलला उभी. मोठ्या इंजिनात जे खपून जातं ते इथे खपत नाही.

बोअरचं पाणी, काढलेला थर्मोस्टॅट आणि डायरेक्ट केलेला फॅन

या तीन चुका मी एकत्र लिहून राहिलो कारण त्या एकत्रच येतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, बादलीच्या काठावर पांढरा थर धरते ते पाहताच ना तुम्ही, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये धरतो. मग गाडी गरम व्हायला लागते, मग कोणीतरी सांगते थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह, काढून टाक, उन्हाळ्यात त्याचं काय काम, आणि फॅन डायरेक्ट करून घे, म्हणजे आपोआप चालू-बंद होण्याऐवजी थेट बटनावर. दोन-तीनशे रुपयांत काम होते, तापमानाचा काटा खाली येते, गाडीवाला खुश. मूळ रोग तसाच आत.

आमच्या लेआउटमधल्या एका पोट्ट्याने अशीच सेकंड हँड ८०० घेतली. गाडी दिसायला एक नंबर, नवीन सीट कव्हर, नवीन म्युझिक सिस्टिम. मी म्हटलं आधी रेडिएटर दाखव, तो म्हणे काका चालून राहिली ना मस्त, काहून उघडायची. मे महिन्यात भर दुपारी चार मित्र भरून रामटेकला निघाला. मनसरच्या अलीकडे काटा चढला, तरी यांनी एसी बंद केला नाही, आता पोहोचतोच आहे म्हणून दामटली. बोनेटमधून वाफ निघाल्यावर थांबले, आणि थांबल्याबरोबर ओला रुमाल टाकून रेडिएटर कॅप फिरवली. आतलं पाणी प्रेशरखाली शंभराच्या वर तापलेलं असते, कॅप ढिली झाली की ते क्षणात उकळून वर उसळते. हात कोपरापर्यंत भाजला पोराचा. आणि बाकीच्या मित्रांनी काय करावं, तापलेल्या इंजिनात बाटलीतलं थंडगार पाणी ओतलं.

गाडी टो करून आणली तेव्हा मी समोर उभा होतो. ऑइलचं झाकण उघडलं त आतून दुधाच्या चहासारखा फेस लागलेला, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यातलं सील, गेली, पाणी ऑइलमध्ये मिसळलं. हेड अॅल्युमिनियमचं, ते वाकलं होतं. थर्मोस्टॅटचं घर उघडलं त रिकामं. फॅनची वायर कापून डॅशबोर्डखालच्या एका बटनाला जोडलेली, फॅन सतत चालून चालून मोटरचे कार्बन झिजले आणि नेमक्या मे मध्ये तो बंद पडला. रेडिएटरच्या नळीत मी बारीक पेचकस घातला त टोकावर पांढरी पापडी आणि जंगाचा चिखल. निम्म्या नळ्या बंदच होत्या. हेड फेसिंग म्हणजे वाकलेलं हेड घासून सपाट करणं, गॅस्केट, रेडिएटर, फॅन मोटर, सगळं मिळून गाडीच्या किमतीच्या मानाने लयच मोठा खर्च झाला, आणि हात बरा व्हायला वेळ लागला तो वेगळाच.

थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते हा समज डोक्यातून काढा. इंजिन लवकर योग्य तापमानाला यावं म्हणून तो आहे, साधारण ८२ डिग्रीच्या आसपास उघडतो. तो नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि आतली झीज वाढते. खराब असेल त नवीन टाका. मी त नवीन आणलेलाही तपासल्याशिवाय बसवत नाही, गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी गरम करायला ठेवतो, थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात सोडतो आणि तोंड उघडते का ते डोळ्याने पाहतो. घरचे ओरडतात, पण ही सवय सोडू नका. गंज मात्र जुना घ्या, परत स्वयंपाकात वापरू नका.

कूलंट रेडीमिक्स घेतलं असेल त त्यात पाणी टाकायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल त डिस्टिल्ड वॉटरमध्येच, अर्धं-अर्धं. आणि हिरवं संपलं म्हणून वरून गुलाबी ओतणं बंद करा, रंग पाहून मिसळायची वस्तू नाही ती. मी दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, रिझर्व्ह बाटलीची लेव्हल पाहतो. लेव्हल घटून राहिली म्हणजे कुठंतरी गळून राहिली, तिथं टॉपअप करत बसणं हा इलाज नाही.

रस्त्यात काटा चढलाच त एसी बंद करा, काचा खाली, हीटर फुल. हो, मे मध्ये पण हीटर. त्याने इंजिनची उष्णता थोडी बाहेर निघते आणि तुम्हाला सुरक्षित जागी थांबता येते. मग इंजिन बंद, बोनेट वर, आणि कॅपला हात नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत बसा. जेवढी घाई कराल तेवढा खर्च.

उन्हाळा आहे म्हणून टायरमधली हवा कमी करणे

हा सल्ला कोण देते माहीत नाही पण सगळे ऐकतात. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती जास्त दबतात, आणि त्या दबण्यानेच टायर जास्त तापते. फुटते ते त्याच्यामुळे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला तेव्हापासून शिवमडक्याहून चढणारी छोटी गाडी दिसली की मी आधी तिचे टायर पाहतो. तापलेला काँक्रीट रोड, पाच जण, डिक्की भरलेली आणि काटा १२० वर. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळ स्टिकर असते त्यावर लिहिलेलीच हवा भरा, फुल लोडचा आकडा वेगळा दिला असेल त तो पाळा, आणि सकाळी थंड टायरवर मोजा. मध्येच थांबून गरम टायरमधली हवा काढू नका, गरम झाल्यावर प्रेशर वाढलेलं दिसणारच.

टायरचं वयही पाहा. कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून जुनं कडक झालेलं टायर समृद्धीवर नेऊ नका, शहरात पेट्रोल पंपापर्यंत चालवणं वेगळं आणि तासन् तास शंभरच्या वर वेगळं.

पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करून पाहणे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काम काय केलं, चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असेल त ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, गाडी टो करून न्या, बस.

बाकीच्या छोट्या चुका:

एअर फिल्टरला बाहेरून हवा मारू नका, धूळ आतच बसते. मारायचीच त आतून बाहेर. आणि नवीन फिल्टर काही फार महाग नाही.

एसीच्या कंडेन्सरवर वॉशिंगवाल्याचं प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, जाळी आडवी होते आणि मग एसी थंडा करत नाही म्हणून गॅस भरत फिरता.

जास्त वॅटचे हेडलाइट बल्ब रिलेशिवाय, म्हणजे बल्बला बॅटरीतून वेगळा करंट देणाऱ्या स्विचशिवाय, लावू नका. वायरिंग ६०/५५ वॅटसाठी आहे.

जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइप बोटाने दाबून पाहा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही. चिरा दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला त त्याच दिवशी बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका.

बॅटरीत आरओचं पाणी टाकू नका, डिस्टिल्डच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल त आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह, खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. जोडताना उलटं, निगेटिव्ह शेवटी.